दोन टिंबं आणि एक तिरपी रेघ

"काका, आता बघा हं," म्हणत कुलदीपने लॅपटॉपचं बटण दाबलं आणि चिंचवडच्या सोसायटी हॉलच्या भिंतीवर कुरुळीची उडती तबकडी गादीएवढी झाली.

साहेबरावांच्या हातातला वडा तोंडापाशीच थांबला.

फोटो नवा नव्हता. अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्यांच्या दोस्ताने, भिमाजीने, कुरुळीतल्या आपल्या शेतातून काढलेला. खाली ज्वारी, वर आभाळ, मधे चकचकीत तबकडी. 'आकाशमित्र' मंडळाचे सभासद एकवीस, आणि त्यातल्या वीस जणांचा हा लाडका फोटो. दरसाल मतदान व्हायचं. वाळवंटातल्या, समुद्रावरच्या, नामांकित तबकड्या उभ्या असायच्या आणि दरसाल कुरुळीच निवडून यायची. शेवटी उमेदवार स्थानिक लागतो.

साहेबरावांना तो फोटो आवडत नसे. ते त्याला भ्यायचे. तो पाहिल्यापासून दिवेलागणीनंतर ते गच्चीवर गेले नव्हते. मंडळात आले तेही भीतीपोटीच; शत्रूची खबर असलेली बरी.

"इतकी वर्षं आपण याला धूळ समजत होतो," कुलदीप म्हणाला. मंडळाचा चिटणीस तो. "निगेटिव्ह नव्याने स्कॅन केली. हे दोन लाल दिवे, आणि ही तिरपी अँटेना. अशी रचना जगात दुसऱ्या कुठल्या फोटोत नाही."

साहेबरावांना भीती वाटली. ही भीती ओळखीची नव्हती.

दोन टिंबं आणि एक तिरपी रेघ. चाकणच्या कंपनीत चौतीस वर्षं ते हेडलाइटच्या आतल्या चकचकीत वाट्या तपासत आले होते. नापास वाटीच्या पाठीवर ज्याने त्याने लाल रंगाने आपली खूण करायची, म्हणजे उद्या भांडण नको. कुणाची फुली, कुणाचा गोल. साहेबरावांची दोन टिंबं, तिरपी रेघ. खूण झाली की वाटी भंगारात. आणि भंगाराच्या गेटवर पहाऱ्याला भिमाजी.

हॉलमध्ये कंपनीतले चौघे होते. एखाद्याच्या ध्यानात आलं तर?

पहिल्या रांगेत भिमाजीची बायको मंजुळाबाई फोटोची फ्रेम मांडीवर घेऊन बसल्या होत्या. भिमाजीला जाऊन तीन महिने झाले होते. आज त्यांचा सत्कार होता.

"परदेशातल्या संग्रहात पाठवतोय, भिमाजीकाकांच्या नावाने," कुलदीप म्हणाला. "फक्त एका जाणकाराची सही हवी. साहेबरावकाका, तुमचा जन्म इन्स्पेक्शनमध्ये गेला. सांगा, ही वस्तू आपल्याकडे बनलेली वाटते?"

"त्याला कुठं विचारतो राव," मागून अर्जुनराव बोलले. तेही कंपनीतलेच. "हा सख्ख्या भावाचा माल नापास करायचा."

सगळे हसले. मंजुळाबाई हसल्या नाहीत. फ्रेमच्या कडेवर त्यांची बोटं पांढरी पडली होती.

साहेबराव उठले. भिंतीपाशी जाऊन ते अशा बेताने उभे राहिले की त्यांची सावली बरोबर त्या खुणेवर पडावी.

"काका, सावली येतेय तुमची."

"येऊ दे," ते म्हणाले. चष्मा पुसला, परत घातला. "नाही. हे आपल्याकडचं नाही."

आवाज कापला. मंडळाला वाटलं, दर्शनाने भरून आलं. टाळ्या पडल्या. साहेबरावांनी सही केली. नापास माल पास करायची ही पहिलीच वेळ. अक्षर ओळखू येईना.

सोसायटीच्या फाटकाशी मंजुळाबाईंनी त्यांना गाठलं. पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली वस्तू काढून हातात दिली. वाटी. रंगाचे पापुद्रे निघालेले, पण खूण शाबूत.

"तुमचीच हाय. घरात ठिवायचं भ्या वाटतं आता."

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

"मीच फेकीत व्हते की, बांधावरनं. ह्यांना फोटू नीट यीना. चाळीस येळा फेकाया लावली. खांदा अजून ठणकतोय."

"पण कशासाठी?"

"तुमच्या घरच्या, सोजरबाई, गेल्या तवा दोन महिनं तुमी कुणाशी बोलत नव्हता. डबा तसाच घरी न्यायचा. ह्ये म्हनले, साहेबरावला कायतरी दुसरं लावून दिलं पायजे. फोटू दावला, तुमी भ्यालात, आन् बोललात. मग रोजच बोलाया लागलात." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "दिवाळीला खरं सांगू म्हनायचे. दर दिवाळीला म्हनायचे. त्यात ह्ये मंडळ निघालं."

साहेबरावांनी अंगठ्याने खुणेवरची धूळ पुसली.

"आज लई भ्याले दादा. तुमी खोटं पास करत न्हाई."

"नाही करत," साहेबराव म्हणाले.

संध्याकाळी कासारवाडीच्या बिल्डिंगमध्ये शेजारची दीक्षा वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली, तर साहेबराव कठड्यापाशी उभे.

"काका, तुम्ही? या वेळेला? भीती नाही वाटत?"

"वाटते की."

"दिसलं काही?"

साहेबरावांनी मान वर केली. नाशिक फाट्याच्या पुलावर दिवे लागले होते. त्याच्या वर काहीच नव्हतं. एवढं थोरलं आभाळ, आणि तिथून आता कुणीच येणार नव्हतं.

"नाही," ते म्हणाले, आणि वाटी दोन्ही हातांनी पोटाशी धरली, खूण आतल्या बाजूला करून.