सिंगल बेल

गच्चीवरचे वाळलेले कपडे काढून मी खाली आले, तर सूनबाई सोफ्यावर पाय दुमडून फोनवर व्हिडिओ कापत-जोडत बसली होती.

"हे कुठायत?" मी विचारलं.

"तुमच्याबरोबर वर गेलेत ना?" मान खालीच.

"माझ्याबरोबर? अगं, मी कपडे आणायला गेले होते, वरात घेऊन नाही! तुझ्याजवळ बसले होते की!"

तेव्हा तिनं मान वर केली. दार सताड उघडं. खुंटीवरचा गणवेशाचा कोट नव्हता, टोपी नव्हती, दारामागचे ड्युटीचे बूटही नव्हते. माझ्या हातातले कपडे तिथंच खाली पडले.

हे म्हणजे माझे यजमान. आयुष्यभर शहरातली बस चालवली त्यांनी, सात नंबरची. त्याच बसवर मी कंडक्टर होते. भांडणातून ओळख झाली, ओळखीतून लग्न झालं आणि भांडण काही थांबलं नाही. घरातसुद्धा मला नावानं हाक मारायचे नाहीत, 'कंडक्टर' म्हणायचे. पण गेली काही वर्षं त्यांची आठवण गळायला लागलीय. सकाळी जेवलेलं दुपारी आठवत नाही, आणि बाहेर सोडलं तर घर सापडत नाही. डॉक्टर म्हणाले, बोलतं ठेवा, जुनं जुनं काढून बोलतं ठेवा.

सूनबाईनं ते फारच मनावर घेतलं. यांना गणवेश घालायची, हातात ताट द्यायची स्टिअरिंग म्हणून, आणि विचारायची, "बाबा, ब्रेक लागला नाही तेव्हा काय केलंत?" हे रंगात येऊन सांगायचे, ती फोनवर घ्यायची. त्याचं झालं 'ड्रायव्हर आजोबा', आणि बघणारे लाखांनी झाले. खोटं कशाला बोलू, पोर यांचं सगळं मायेनं करते. नखंसुद्धा तीच कापते. पण माणसाला एकदा टाळ्यांची चटक लागली की हात आवरत नाही.

मग तिनं तो व्हिडिओ केला, 'आजोबा हरवले'. यांना बागेतल्या बाकावर बसवलं, स्वतः झाडामागे लपली. येणाऱ्या-जाणाऱ्याला यांनी म्हणायचं, "मी हरवलोय हो. मला घरी सोडा." माणसं बिचारी गडबडली. एका बाईच्या तर डोळ्यांत पाणी आलं, तिनं यांचा हात धरला. तेवढ्यात झाडामागून सूनबाई फोन घेऊन बाहेर! जिकडेतिकडे तोच व्हिडिओ. त्यानंतर गल्लीतून निघालो की लोक म्हणायचे, "आजोबा, डायलॉग!" हे म्हणायचे, "मी हरवलोय हो." सगळे हसायचे, हेही हसायचे.

एक गोष्ट मात्र मी सूनबाईला दिली नव्हती. आमच्या बसची घंटीची दोरी कायम तुटलेली असायची. मग मी तिकीट पंच करायचा लोखंडी चिमटाच वरच्या दांडीवर हाणायचे. टण्. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. हे नातवंडांची नावं विसरले, पण तो टोला विसरले नाहीत. भलत्या वेळी उठून दाराकडे निघाले की मी खिडकीच्या गजावर एक टोला देते, जिथल्या तिथं थांबतात. दोन दिले की मुकाट माझ्यामागे येतात. सूनबाईनं एकदा पाहिलं आणि उडालीच. "आई, हे काय चालेल माहितीय!"

"हे चालणार नाही," मी म्हटलं. "नवरा-बायकोचं एवढं तरी चार भिंतींत राहू दे." दोन दिवस गाल फुगवून होती, पण ऐकलं तिनं. पंच तेव्हापासून माझ्या पिशवीतच असतो.

तर आम्ही दोघी आधी गल्ली पालथी घातली. कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारलं, तर तो हसतच सुटला. "काकू, आज कुठल्या झाडामागे कॅमेरा?" इस्त्रीवाल्यानं तर केसांवरून कंगवा फिरवून घेतला. मुलगा कामानिमित्त परगावी, त्याचा फोन लागेना. चौकीवर गेलो. तिथल्या पोलिसानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग सूनबाईकडे, मग टेबलाखाली डोकावला.

"वहिनी, आम्हालाही गिऱ्हाईक करता होय?"

त्याला मी काय काय सुनावलं ते इथं सांगण्यासारखं नाही. भरल्या बसमध्ये मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज आहे माझा. तक्रार घेतली त्यानं, पण लिहिताना एक डोळा दाराकडेच. कधी कोण फोन घेऊन आत उडी मारतंय, याची वाट बघत होता मेला.

बाहेर पायरीवर बसून सूनबाईनं फोन समोर धरला आणि थेट सगळ्यांसमोर गेली. रडत होती. खरं रडत होती, नाक लाल, केस विस्कटलेले. "बाबा खरंच हरवलेत. प्लीज, कुणाला दिसले तर कळवा. शप्पथ, खरंच." मी शेजारून बघत होते. फोनच्या पडद्यावर खालून हसऱ्या तोंडांची रांगच लागली. कुणी लिहिलं, 'वहिनी, मागच्यापेक्षा भारी रडलात.' कुणी लिहिलं, 'आजी नॅचरल आहेत, आजींना घ्या जास्त.' ती शपथा घालत गेली, तसतशी तोंडं वाढत गेली.

"आई," ती म्हणाली, "कुणी विश्वासच ठेवत नाही हो."

"का ठेवतील?" मी म्हटलं. बोलले आणि जीभ चावली, पण बाण सुटला होता.

तेवढ्यात फोन वाजला. कुणीतरी यांच्याबरोबरचा फोटो टाकला होता, 'बघा कोण भेटलं!' पाण्याच्या टाकीखाली एका तरुणाच्या खांद्याला खांदा लावून हे उभे. टोपी सरळ, तोंडभर हसू. माझ्या जिवात जीव आला. सूनबाईनं त्या मुलाला लगेच फोन केला. "ते तर मघाशीच गेले," तो म्हणाला. "काय भन्नाट माणूस! मला म्हणाले, मी हरवलोय हो. हसून हसून पोट दुखलं माझं."

"अरे, मग धरून नाही का ठेवायचं!" मी ओरडले.

"आजी पण आहेत का लाइनवर?" तो म्हणाला. कपाळ माझं.

आम्ही स्कूटरवर बसलो. टाकीपाशी पोचतो तो दुसरा फोटो आला. टपाल कचेरीच्या पायऱ्यांवर दोन मुली आणि मध्ये हे. इथं हसू होतं, पण ओठांपुरतं. तिथं धावलो, तर तिसरा. मोठ्या दवाखान्याच्या फाटकासमोर एका जोडप्यानं यांना मध्ये घेतलं होतं. टोपी वाकडी. हसू नाही. ते डोळे मी ओळखते. उतारावर ब्रेक लागत नव्हता, तेव्हा आरशातून मला दिसले होते तेच डोळे. माणूस घाबरला होता. भर रस्त्यात, इतक्या लोकांत, तोंडानं सांगत होता की मी हरवलोय, आणि लोक त्याला मिठी मारून फोटो काढून पुढे जात होते.

आणि मग डोक्यात लख्ख पडलं. टाकी, टपाल, दवाखाना.

"अगं, हे सात नंबर चालवतायत!"

"काय?"

"थांबे आहेत ते आमचे! ओळीनं! दवाखान्यानंतर गिरणी आणि गिरणीनंतर डेपो."

सूनबाईनं स्कूटर जागीच थांबवली आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "आई, डेपो तर..."

डेपो बंद होऊन किती वर्षं लोटली. आता गिरणी आणि डेपोच्या मधून तो नवा रुंद रस्ता गेलाय, ज्यावर गाड्या थांबायचं नावच घेत नाहीत. यांच्या डोक्यात तो रस्ता नाहीच. त्यांच्या डोक्यात गिरणीवरून सरळ डेपो.

"मार किक!" मी म्हटलं. एरवी ती हळू चालव म्हणून मी जीव खाते तिचा. त्या दिवशी दोन सिग्नल तोडले, तिसऱ्याला मीच म्हटलं, तोड.

गिरणीच्या भिंतीपाशी पोचलो तर रस्त्याकडेला ही गर्दी. सगळ्यांचे हात वर आणि हातात फोन. मी कोपरानं माणसं सारत पुढे घुसले. "सरका, पुढे सरका, वाट द्या!"

हे रस्त्याच्या मधोमध दुभाजकावर उभे होते. अलीकडचा अर्धा रस्ता कसा पार केला, देव जाणे. पाठ आमच्याकडे, तोंड पलीकडच्या डेपोच्या पडक्या भिंतीकडे. दोन्ही बाजूंनी ट्रक धाडधाड जात होते, कोटाची टोकं उडत होती. गर्दीतून आवाज, "आजोबा, डायलॉग! डायलॉग!" कुणी शिट्टी वाजवली. अहो, हे चित्रीकरण आहे असंच वाटलं सगळ्यांना. रस्ता बंद केलाय का, गाड्या कशा येतायत, एकालाही प्रश्न पडला नाही.

"अहो!" मी ओरडले. त्या गोंगाटात माझा आवाज माझ्याच कानापर्यंत आला नाही.

"बाबा!" सूनबाई किंचाळली. तिचा आवाज बारीक, धारदार. तो पोचला.

हे वळले. सूनबाईचा आवाज म्हणजे व्हिडिओ. त्यांनी आम्हाला पाहिलं, इतके फोन पाहिले. टोपी नीट केली, तोंडावर ते हसू आणलं आणि आमच्याकडे यायला दुभाजकावरून पाय खाली टाकला. उजवीकडून लोखंडी सळया भरलेला ट्रक येत होता. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

पिशवीत हात कधी गेला मला कळलं नाही. शेजारी दिव्याचा लोखंडी खांब होता. सगळा जीव मुठीत आणून मी पंच हाणला.

टण्.

एक.

हे थांबले. जसेच्या तसे. खाली टाकलेला पाय मागे घेतला आणि दुभाजकावर ताठ उभे राहिले, हात दोन्ही पुढे, स्टिअरिंगवर असल्यासारखे. ट्रक त्यांच्या पुढ्यातून गेला. त्याच्या वाऱ्यानं टोपी उडाली.

सूनबाईनं हातातला फोन टाकला, खरंच टाकला, आणि दोन्ही हात आडवे पसरून रस्त्यात शिरली. ब्रेक करकचले, शिव्या आल्या. ती हलली नाही. तिच्या आडून मी यांच्यापर्यंत गेले आणि हात धरला. बर्फ झाला होता हात.

"कंडक्टर," हे म्हणाले, "कुठं होतीस? बेल नाही, काही नाही."

"इथंच होते. चला."

"मी सगळ्यांना सांगितलं गं, हरवलोय म्हणून. सगळे हसले. मग मीही हसलो. म्हटलं, हसायचंच असेल."

आम्ही तिघं कशीबशी कडेला आलो, तर टाळ्या. अहो, टाळ्या! सूनबाई खाली बसली आणि गुडघ्यात डोकं घालून हमसून हमसून रडायला लागली, आणि दोघं-तिघं वाकून तेही फोनवर घ्यायला लागले. एक चांगला सुशिक्षित दिसणारा गृहस्थ पुढे आला. अदबीनं म्हणाला, "आजी, ते मघाचं टण् पुन्हा एकदा कराल? माझं सुरुवातीचं राहिलं."

त्याच्या मागून कुणीतरी ओरडलं, "आजोबा, डायलॉग!"

यांनी गर्दीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अगदी हळू, मला एकटीलाच ऐकू जाईल असं विचारलं, "आता हसायचं का?"

"नाही," मी म्हटलं. "आता घरी जायचं."

पण त्यांचे पाय उचलेनात. सगळे फोन आमच्यावर रोखलेले होते, एकही खाली झाला नव्हता. मी पंच पुन्हा बाहेर काढला आणि सगळ्यांच्या देखत खांबावर दोन टोले दिले.