डाव्या कानामागचं हाड

आमचे हे इंजिनाचे मेकॅनिक. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ डाव्या कानामागच्या हाडावर दाबायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "बेअरिंग गेलंय." गॅरेजमध्ये मान होता हो त्या कानाला! उजवा तर लहानपणीच गेलेला, सगळी भिस्त याच्यावरच.

घरात मात्र दोन वर्षं ओरडून ओरडून माझा घसा बसला. वर मलाच, "नीट बोल की! तोंडात काय मिठाची गुळणी धरलीयेस?" कान दाखवा म्हटलं की लगेच, "हा कान? अगं, स्क्रूड्रायव्हर लावला की पूर्वीपेक्षा मोठ्यानं ऐकू येतं!" कोण डोकं फोडून घेणार? कंटाळले मी. 'जेवायला चला', 'दार लावा', एवढ्यावर आणलं बोलणं.

परवा हे गॅरेजमध्ये चक्कर येऊन पडले, तेव्हा कुठे डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी एक दोन दातांचा लोखंडी चिमटा ठोकला आणि तो घुमत असतानाच यांच्या कपाळावर टेकवला. "कुठल्या कानात घुमतंय?"

"डाव्या!" हे माझ्याकडे वळले. "बघ, सांगत नव्हतो?"

"हीच तर आजाराची खूण," बाई म्हणाल्या. "बाहेरचा आवाज आत पोचत नाही, म्हणून हाडातून आलेला मोठा वाटतो." मग डोक्याच्या फोटोत दाखवलं, त्याच हाडात गाठ. कॅन्सर नाही, लाखात एखाद्याला होते, पण हाड पोखरत जाते. आता काढली तर कान वाचवता येईल. थांबलं तर आतला कानही जाईल.

घरी आल्यावर हे अडून बसले. "हाड कोरायचं म्हणे! पोट आहे माझं त्याच्यावर." मी समजावून समजावून थकले, पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी खुर्चीच्या मागे उभी राहिले आणि त्याच हाडावर हनुवटी टेकवली, नुसती टेकायला काहीतरी हवं म्हणून.

"दमले हो मी," पुटपुटले. त्यांना ऐकवायला नव्हतंच ते.

हे दचकले. "केवढ्यानं ऐकू आलं गं!"

मग त्यांनी बोटानं ते हाड चाचपलं.

"आतला कान गेला, तर हेही जाणार?"

"हो," मी तशीच म्हणाले, हनुवटी न हलवता.

 मग हे म्हणाले, "बाईंना फोन कर. कधी कापतात विचार."

मी फोनकडे निघाले, तर माझा हात धरला. "थांब. आधी बोल अजून. तसंच."

दोन वर्षांचं साचलेलं होतं, पण मेलं एक आठवेल तर शपथ. पुन्हा हनुवटी टेकवली आणि म्हटलं, "भाजी करपतेय."

"करपू दे," हे म्हणाले. "बोल."