रेघेची आतली कड

शिवणमावशी सुनावणीला आल्या तेव्हा मापाची टेप त्यांच्या गळ्यातच राहिली होती. दारावरच्या शिपायाने विचारलं, कुणाचं माप घ्यायला आलात, तर म्हणाल्या, तुमच्या रस्त्याचं. बाकावर बसलेले चारसहा जण हसले. टेबलापलीकडे बसलेल्या थोरल्या बाईही हसल्या.

थोरल्या बाई म्हणजे नगररचना विभागातल्या वरिष्ठ अधिकारी. खात्यात आणखी एक बाई नव्याने लागल्या, तेव्हापासून यांचं नाव थोरल्या बाई पडलं. शाळा कुठे यावी, दवाखाना कुठे, कुठला रस्ता किती रुंद व्हावा, हे नकाशावर ठरवण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती आणि निवृत्तीला चार महिने उरले होते. त्यांचा आवाज कधी चढत नसे. लोक तावातावाने यायचे आणि पाच मिनिटांत आपणहून हळू बोलायला लागायचे, कारण त्याशिवाय बाई काय म्हणतायत ते ऐकूच यायचं नाही.

मावशींची हरकत साधी होती. त्यांच्या घरासमोरचा रस्ता बारा मीटर रुंद करायचं बावीस वर्षांपूर्वीच्या आराखड्यात ठरलं होतं. काम तीन वर्षांपूर्वी चालू होऊन मध्येच रखडलं होतं, ते आता पुढे सरकत होतं. डाव्या ओळीतली नऊ घरं मागे सरली होती, दहावं मावशींचं. मोजणीदार तांबडी खूण करून गेला होता आणि ती खूण पुढच्या खोलीच्या मागच्या भिंतीवर होती. म्हणजे पुढची खोली अख्खी जाणार. त्या खोलीत मावशींचं मशीन, कापायचं टेबल, गिऱ्हाइकांची गाठोडी, आणि रात्री टेबलाखाली त्यांचं अंथरूण. मागच्या खोलीत भाऊ, भावजय आणि भावाच्या दोन मुली.

"मागे खिडकी नाही," मावशी म्हणाल्या. "भावजयीला मी आत्ताच जड झालेय. तिच्या उशाशी मशीन लावलं तर ती मशीनसकट मला बाहेर काढेल."

बाईंनी नकाशा पुढे सरकवला आणि रस्त्याची हद्द दाखवली. असं दाखवलं की माणसं मान डोलावतात. कळलेलं नसलं तरी डोलावतात. मावशींनी चष्मा पुसला, नकाशावर वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

"ही रेघ जाड आहे हो," त्या म्हणाल्या.

नकाशावर रेघ असते तशी आहे, असं मोजणीदार म्हणाला.

"तसं नाही, दादा. आम्ही कापडावर खडूने रेघ मारतो. कात्री रेघेच्या आतून चालवायची की बाहेरून, हे आधी ठरलेलं असतं. नाहीतर सदरा अंगात शिरत नाही. तुमची ही रेघ माझ्या खोलीवर बसलीय. आतली कड धरली तर खोली राहते, बाहेरची धरली तर जाते. मग कुठली धरायची, ते कुणी ठरवलं?"

मोजणीदार म्हणाला, बाहेरची धरतात, पहिल्यापासून तसंच आहे. पहिल्यापासून म्हणजे कधीपासून, हे त्याला सांगता येईना. बाईंनी निकाल पुढच्या गुरुवारी बसणाऱ्या समितीवर सोपवला. जाताना मावशी म्हणाल्या, "बघा बाई, रस्ता नको असं मी म्हणत नाही. पण कापताना एकदा मोजतात, ही आमच्यात रीत आहे."

दुपारी बाई स्वतः अभिलेखागारात गेल्या. खरं तर शिपायाला पाठवलं तरी चाललं असतं. मूळ नकाशा पत्र्याच्या नळकांड्यात होता. त्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाच मीटर. हद्दीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड होती, म्हणजे अडीच मीटर, म्हणजे आठ फूट. मावशींची खोलीही आठच फुटांची.

कोपऱ्यात, काढणाऱ्याच्या रकान्यात, बारीक सही होती. बाईंनी ती ओळखली. त्यांचीच होती.

मग सगळं आठवत गेलं. आराखडा दुसऱ्या दिवशी सकाळी सादर करायचा होता आणि बारीक पेनाची निब शाई धरून बसली होती. गरम पाण्यात बुडवून पाहिली, झटकून पाहिली. शेवटी त्यांनी जाड निबेचं पेन घेतलं. भिंग लावल्यावर अजूनही दिसत होतं, रस्त्याच्या खऱ्या हद्दीचे पेन्सिलीचे ठिपके रेघेच्या आतल्या कडेला होते. पट्टी त्यांनी रस्त्याच्या अंगाला ठेवली होती, त्यामुळे शाईची सगळी जाडी घरांच्या अंगाला पडली. समोरच्या ओळीत पट्टी उलट बाजूने होती, तिथे शाई रस्त्यातच पडली आणि कुणाचं काही गेलं नाही. बारीक पेन असतं तर डाव्या ओळीत फार तर पायरीचा फरक पडला असता. वरच्यांनी तपासलं, सह्या झाल्या, कुणाच्या नजरेत आलं नाही. त्यांच्याही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणीदाराला घेऊन त्या गल्लीत गेल्या आणि नऊ घरं मागे सरली होती त्या भागात रस्ता मोजायला लावला. साडेचौदा मीटर भरला. मोजणीदाराने टेप गुंडाळली, पुन्हा सोडली, पुन्हा साडेचौदा. मग तो बाईंकडे न बघता म्हणाला, रस्ता अरुंद झाला की लोक बोंब मारतात, रुंद झाला तर कोण कशाला मोजतंय.

बाईंचे साहेब त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान होते आणि माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खुर्ची खिडकीकडे वळवली आणि म्हणाले की एका घराला सूट देणं त्यांच्या हातात नाही. मावशींची खोली वाचवायची तर रेघ चुकली असंच लिहावं लागेल. आणि रेघ चुकली असं लिहिलं की ती नऊ घरं येतील.

"नऊ घरांनी काही तक्रार केलीय का? नाही. रस्ता झाला, फरशी बसली, लोक चालतायत. झाकली मूठ आहे, बाई. तुम्ही स्वतःच्या हाताने उघडताय. चार महिन्यांसाठी चौकशी मागे लावून घेणार?"

बाई म्हणाल्या, बघते. साहेबांना तेवढ्याने बरं वाटलं.

घरी यजमानांना सांगितलं तेव्हा ते भांडी पुसत होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यापासून ते काम त्यांनी आपल्याकडे घेतलं होतं, आणि पुसलेलं भांडं कधी जागेवर ठेवत नसत. आधी त्यांनी थट्टा केली, एकतीस वर्षांत तुझ्याकडून एकच चूक झाली म्हणजे मी तुझ्याहून पुष्कळ पुढे आहे. मग हातातलं पातेलं तसंच राहिलं. गप्प बसलीस तर काय होईल, त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, मावशींची खोली जाईल, बाकी काही होणार नाही.

"आणि बोललीस तर?"

"खोली राहील. पण त्या सायकलवाल्यांना तोंड दाखवावं लागेल."

यजमानांनी पातेलं ओट्यावर ठेवलं. सायकलवाल्यांची गोष्ट त्यांना ठाऊक होती. तीन वर्षांपूर्वी त्या ओळीतलं कुणीच घर मागे घ्यायला तयार नव्हतं. सायकल दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांचं घर पहिलं. बाई त्यांच्या दुकानात तीन संध्याकाळी जाऊन बसल्या होत्या. तुम्ही पुढे झालात तर बाकीचे येतील, म्हणाल्या होत्या. चौथ्या दिवशी त्या माणसाने स्वतः घण घेऊन आपलीच भिंत पाडली आणि महिन्याभरात उरलेली आठ घरं मागे सरली. बाईंनी त्या आठवड्यात घरी येऊन सांगितलं होतं, अजून अशी माणसं आहेत.

आज निजण्यापूर्वी बाई रोजच्यासारख्या हात जोडून बसल्या, पण रोज मागायच्या त्यातलं काही मागितलं नाही. गुरुवारी माझा आवाज तेवढा मोठा निघू दे, एवढंच म्हणाल्या.

बुधवारी ऑफिसातून सुटल्यावर त्या सायकलवाल्यांकडे गेल्या. पुढची खोली होती तिथे आता पदपथ होता. दुकान उरलं होतं ते दाराच्या चौकटीएवढं. पंप आणि हत्यारं आत स्वयंपाकघराच्या ओट्याखाली राहत, आणि ते स्वतः उंबऱ्यावर बसून काम करत. बाईंना पाहून ते उठले, बायकोला हाक मारली, बाई आल्यात म्हणून. एक स्टूल होतं ते पुढे केलं.

बाई बसल्या नाहीत. उभ्यानेच सगळं सांगितलं, निबेपासून साडेचौदा मीटरपर्यंत. सायकलवाले हातातलं चाक फिरवून बघत राहिले. चाक थांबल्यावर म्हणाले,

"म्हणजे माझी खोली शाईत गेली."

"हो."

"कुणाच्या?"

"माझ्या."

बायको पाणी घेऊन आली होती, ती दारातच थबकली. सायकलवाल्यांनी चाक भिंतीला टेकवलं.

"मग आता सांगायला कशाला आलात? मला काय कळणार होतं?"

उद्या हे सगळ्यांसमोर मांडणार आहे, बाई म्हणाल्या, आणि ते तुम्हाला दुसऱ्याच्या तोंडून कळलं असतं तर मला सोसलं नसतं.

"तुम्हाला सोसलं नसतं," ते म्हणाले. आवाज वर गेला नव्हता. "बाई, माझं दुकान गेलं ते गेलं. त्याचा विषय मी कधी काढला नाही. कुणी विचारलं तर मी छाती पुढे काढून सांगायचो, रस्त्याला जागा हवी होती, मी दिली. सगळ्यांत आधी मी दिली. आता रस्त्याला ती नकोच होती म्हणता. तेवढंही ठेवलं नाहीत."

बायकोने पाण्याचा पेला पुढे केला, तर सायकलवाले म्हणाले, राहू दे, निघाल्यात त्या. बाई निघाल्या.

गुरुवारी खोली भरली होती. समितीत तिघं, मध्ये साहेब. बाई उभ्या राहिल्या आणि सांगू लागल्या, तोच मागून कुणीतरी म्हणालं, ऐकू येत नाही. बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, जरा मोठ्याने. नकाशा मी काढला, सही माझी आहे. मंजुरी बारा मीटरची होती, रस्ता साडेचौदाचा झाला. हद्द रेघेच्या आतल्या कडेला आहे, बाहेरच्या नाही. ते अडीच मीटर शहराने मागितले नव्हते, माझ्या हातून गेले.

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. मोजणीदाराला विचारलं, खरं आहे का. तो उठून म्हणाला, दोनदा मोजलं. तिघं थोडा वेळ आपसात बोलले. मावशींच्या घराची हद्द आतल्या कडेने धरायची असं ठरलं. त्यांची पायरी तेवढी जाणार होती. मागे सरलेल्या नऊ घरांनी जागा परत मिळण्यासाठी अर्ज करावेत. फरशी, गटार सगळं झालेलं असल्याने जागा मिळेल की नाही हे आज सांगता येणार नाही. आणि बाईंच्या चुकीची चौकशी होईल. हे शेवटचं साहेब अगदी हळू बोलले, बाईंसारखे.

मावशींनी डोळ्यांना पदर लावला, मग लगेच व्यवहारावर आल्या. पायरी कधी काढणार ते आधी कळवा, दोन गिऱ्हाइकं म्हातारी आहेत, चढायला काहीतरी ठेवावं लागेल. जाताना त्या बाईंपाशी थांबल्या. बाईंच्या बाहीची शिवण एका ठिकाणी उसवली होती, तिथे बोट लावून म्हणाल्या, हे घेऊन या, बसल्या बसल्या करून देते.

खोली रिकामी होत आली तेव्हा बाईंना दाराशी सायकलवाले दिसले. कधी आले होते कोण जाणे. हात धुतलेले होते, पण नखांत काळं राहिलं होतं. ते सरळ टेबलापाशी आले आणि एक कोरा कागद ठेवला.

"अर्ज करायला सांगितलाय. मला चार ओळींच्या वर लिहिता येत नाही."

बाईंनी शिपायाला खुर्ची आणायला सांगितली. ते बसले. बाईंनी तारीख घातली, वर त्यांचा पत्ता लिहिला. मग थांबून विचारलं की जागा का मागताय, याचं कारण काय लिहू.

"घडलं तेच लिहा. रेघ चुकली म्हणून लिहा." ते कागदाकडे बघत राहिले. "पण ते नंतर. पहिल्या ओळीत दुसरं लिहा."

"काय?"

"लिहा, की मागितल्याबरोबर मी जागा दिली होती. माझ्या हाताने भिंत पाडून दिली होती. कुणी सक्ती केली नव्हती."

बाईंनी लिहिलं. लिहून झाल्यावर कागद त्यांच्याकडे फिरवला. सायकलवाल्यांनी एकेका शब्दावर बोट ठेवत ती पहिली ओळ वाचली, सक्तीपाशी जरा अडखळले, आणि मग म्हणाले, आता पुढचं लिहा.