नेनो राणीला काय म्हणाला

खरं सांगते, अगदी खरं. संत रोक्कोची शपथ, त्याच्या पायाशी बसलेल्या कुत्र्याची शपथ, माझ्या तोंडात अजून जे काही दात उरलेत त्यांची शपथ. यातला एक शब्द जरी खोटा निघाला, तर उद्या हंड्यातलं सगळं दूध नासू दे आणि ते मलाच प्यावं लागू दे! ऐकायचं तर गप बसून ऐका. मधेमधे "आजी, असं कसं होईल" म्हणायचं नाही. झालं ते असंच झालं.

तेव्हा आमच्या किनाऱ्यावर सहारा होता. हसताय काय? रोमहून सिनेमावाले यायचे. आफ्रिकेला जायला कुणाच्या खिशात काय होतं! आमच्याच वाळूच्या टेकड्यांवर चार खजूर रोवायचे, दुसऱ्या दिवशी त्यांनी माना टाकल्या की झालं वाळवंट. कॅमेरा जरासा डावीकडे कलला की सहारात समुद्र दिसायचा, आणि समुद्रात आमच्या कोळ्यांच्या होड्या. गावातलेच पुरुष सकाळी सुलतानाचे शिपाई होऊन मरायचे आणि जेवून आले की लुटारू होऊन मरायचे. आमचा न्हावी तर एका सिनेमात स्वतःच्याच हातून मेला. तलवार त्याची, पोटही त्याचंच.

मी होते कपड्यांकडे. हॉटेलातल्या जुन्या चादरी अक्रोडाच्या सालीच्या पाण्यात उकळायच्या, वाळवायच्या, मधोमध भोक पाडायचं, की झाला झगा. हात कोपरापर्यंत काळे. आणि लुटारूंचा म्होरक्या होता नेनो. म्हणजे तुमचे आजोबा, पण तेव्हा आजोबा नव्हते. तेव्हा घोड्यावर बसले की रस्त्यानं जाणाऱ्या बायका पायाखाली बघायचं विसरून खड्ड्यात जायच्या. मी स्वतः गेलेय.

नेनोचा खरा धंदा म्हशींचा. तुम्हाला माहीत आहे, आमच्याकडे म्हशी हाकत नाहीत, नावानं बोलावतात. पहाटे गुराखी गोठ्याच्या फाटकात उभा राहतो आणि एकेकीचं नाव गातो, चर्चमध्ये गातात तसं लांबवून. जिचं नाव घेतलं तीच उठते, बाकीच्या चिखलात डोळे मिटून पडलेल्या. एकदा नाव कानात बसलं की मरेपर्यंत तेच. आणि गुराख्याचं लग्न ठरलं, की त्या साली पहिली जी वगार, म्हणजे म्हशीचं मादी पिल्लू, होईल तिला नवरीचं नाव. माझ्या आईच्या नावाची म्हैस होती, माझ्या थोरल्या बहिणीच्या नावाची होती. त्या वसंतात नेनोच्या कळपात पहिली वगार झाली, कपाळावर पांढरा ठिपका. मी रोज विचारायची, "ठेवलंस का रे नाव?"

"ठेवतो गं वेलिया. घाई काय?"

घाई काय म्हणे! गावभर बायका मला विचारत होत्या.

आणि तेवढ्यात ती आली. ग्लोरिया हार्टन! अमेरिकेची म्हणे. अमेरिकेची कसली, फ्रोसिनोने गावच्या खाटकाची पोर पास्क्वालिना. पण पोस्टरवर अमेरिकन नाव असलं की तिकिटं खपायची. सिनेमात ती वाळवंटाची राणी. दिसायला... आता शपथ घेतलीय म्हणून सांगते. सुंदर होती. मेली फार सुंदर होती. मी उकळलेल्या चादरीत दुसरी कुणीही असती तर बटाट्याचं पोतं दिसली असती, आणि हिला गुंडाळलं तर राणी.

उंट एकच होता, बंद पडलेल्या सर्कशीतला. त्यानं मात्र पहिल्याच दिवशी तिला ओळखलं. तिच्या डोक्यावरचा लांब काळा केसांचा टोप तोंडात धरला, खस्सकन ओढला आणि सगळ्यांच्या देखत रवंथ करत उभा राहिला. खाली तिचे खरे केस, पिना खोचलेले, उंदराच्या शेपटीएवढे. मी इतकी हसले की हातातली चादर सुटून वाऱ्यावर गेली ती थेट समुद्रात.

पण माझं हसू आठवडाभरसुद्धा टिकलं नाही. पहारेकऱ्यांच्या सरदाराचं काम करणारा नट शिंपल्या खाऊन आडवा झाला. दिग्दर्शकानं नेनोकडे बोट दाखवलं. "तू! घोडेवाल्या! राणीसमोर गुडघा टेक, तिचा हात हातात घे आणि निरोप सांग."

"कसला निरोप?" नेनोनं विचारलं.

"कसलाही. मी हात वर करेपर्यंत ओठ हलव. आवाज नंतर रोममध्ये घालू."

तेव्हा असंच होतं. सिनेमा मुका काढायचे, मागाहून दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज चिकटवायचे. राजे लोक सिंहासनावर बसून आकडे मोजायचे, नाहीतर जेवायला काय आहे ते विचारायचे.

मी टेकडीवर चादरी पिळत होते. वारा, त्यात विजेच्या यंत्राची घरघर, एक अक्षर ऐकू येईना. पण दिसत सगळं होतं. नेनोनं गुडघा टेकला. तिचा हात धरला. बोलायला लागला. माझा नेनो, जो माझ्या आईसमोर "नमस्कार" आणि "येतो" एवढंच बोलायचा, तो बोलतोय, बोलतोय, थांबतच नाही! आधी ती हसली. मग तिचे डोळे भरले. मग तिनं दुसरा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. दिग्दर्शक आनंदानं उड्या मारत होता. मी ती चादर अशी पिळली की टर्रकन फाटली.

संध्याकाळी सगळे लुटारू अंगाचा रंग धुवायला आमच्या हौदावर यायचे. नेनोची मान मी घासायला घेतली.

"काय बोललास तिच्याशी?"

"कुणाशी?"

"कुणाशी म्हणजे? उंटाशी!"

"आकडे म्हटले गं. सगळे आकडेच म्हणतात."

"आकडे ऐकून बाई रडते?"

"मोठे आकडे होते," नेनो म्हणाला. "हळू, वेलिया, हळू! ती माझी कातडी आहे."

"बघते ना कुठपर्यंत आहे."

त्याच्या पुढे एक शब्द नाही. विचारलं की कान लाल व्हायचे, आणि कान लाल झाले की मला कळायचं की काहीतरी आहे. मी सरळ फादर एजिदियोंकडे, आमच्या पाद्रीबाबांकडे गेले आणि म्हटलं, "रविवारी चर्चमध्ये आमच्या लग्नाची घोषणा करू नका. तो काय बोलला ते कळल्याशिवाय मी त्याची बायको होणार नाही."

"पोरी, आणि कधीच नाही कळलं तर?"

"तर तुम्ही एकटेच नाही राहणार बिनलग्नाचे."

उन्हाळा संपला, सिनेमावाले दुसऱ्या कुठल्या वाळवंटात गेले. नेनो रोज दारावरून जायचा, टोपी काढायचा, मी खिडकी लावायची. ताप होता नुसता. मी वाट बघत होते सिनेमाची. कारण आवाज कुणाचाही घाला, ओठ तर त्याचेच राहणार ना? आणि ओठ वाचणारी माझ्या घरात होती: फेदोरा आत्या.

आत्या लहानपणी तापात बहिरी झालेली. पण चौकाच्या या टोकाला बसून त्या टोकाचं भांडण शब्दन् शब्द सांगायची. चर्चमध्ये आत्या दिसली की लोक पापं कबूल करताना तोंडावर रुमाल धरायचे.

शरदात सिनेमा आला, चर्चच्याच हॉलमध्ये. यंत्र फादर एजिदियो स्वतः चालवायचे आणि पडद्यावर कुणी कुणाच्या जवळ आलं की भिंगापुढे आपली टोपी धरायचे. शनिवारी मी आत्याला पहिल्या बाकावर बसवलं. सरदाराचा प्रसंग आला आणि गेला.

"काय म्हणाला गं?" मी तिच्यासमोर तोंड नेऊन विचारलं.

"कोण?"

"नेनो!"

"नेनो होता यात? मी त्या सिनेमातल्या पैलवानाची छाती बघत होते. अगं, केवढी ती! आपल्या दरवाजात नाही मावायची."

रविवारी तिला बजावून नेलं. पण नेनोनं राणीचा हात धरला मात्र, पडदा काळा. टोपी!

"बाबा, हातच धरलाय त्यानं!" मी ओरडले.

"आज हात," मागून बाबांचा आवाज आला, "उद्या काय?"

लोकांनी बाकं बडवली, शिट्ट्या मारल्या, तेव्हा बाबांनी रीळ मागे फिरवून पुन्हा लावलं. पण यावेळी टोपी सापडेना. सापडणार कशी? त्या गोंधळात ती पळवून मी तिच्यावर बसले होते.

पडद्यावर नेनोचं तोंड, हे एवढं, भिंतीएवढं. त्या तोंडातून कुणा जाड्या माणसाचा आवाज: "हे राणी, शत्रू वेशीपाशी आला आहे!" आणि आत्या. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा ते कळत नाही. सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"अगं बाई! हा तर म्हशी बोलावतोय! कॉन्तेस्सा... व्हायोला... सेरेना... ब्रिगांता..."

हॉल हसून लोळायला लागला. आणि मी? मला वाटलं उडून छताला लागेन. म्हशी! माझा भोळा नेनो, राणीसमोर गुडघे टेकून म्हशींची हजेरी घेत होता! मी त्याला शोधायला मान वळवली. शेवटच्या बाकावर बसला होता. हसत नव्हता. कान लाल.

"आणि शेवटची," आत्या म्हणाली, "पांढऱ्या ठिपक्याची. ग्लोरिया."

हसणं थांबलं. गावात कुणाला सांगायची गरज नव्हती की पांढऱ्या ठिपक्याची वगार कुठली आणि तिला कुणाचं नाव मिळायचं होतं. माझ्या बहिणीनं हळूच माझा हात धरला, तो मी झटकला. फादर एजिदियोंची टोपी घेऊन मी नेनोच्या अंगावर भिरकावली आणि घरी निघून आले.

पहाटे गोठ्यावर गेले, त्याची अंगठी परत द्यायला. धुकं होतं. नेनो फाटकात उभा.

"तिला दिलंस माझं नाव."

"तुझं नाव नाही दिलं. तिचं दिलं."

"शहाणपणा शिकवू नकोस!"

"वेलिया, ऐक. त्या दिवशी सकाळी दिग्दर्शक तिच्यावर ओरडला. म्हणाला, तुझा आवाज भाजीवालीसारखा आहे, तोही दुसरीचा घालू. ती मला म्हणाली, केस माझे नाहीत, नाव माझं नाही, आता आवाजपण नाही. मग मी म्हशींची नावं घेतली, ती हसली. शेवटी ठिपकेवाली आली, तिला नाव नव्हतं. तोंडातून गेलं. म्हटलं, निदान कुठेतरी हे नाव खरं होऊ दे."

"तोंडातून गेलं! मग नंतर बदलायचं होतंस."

"बदलणार होतो. पण मी रोज तेच... तिच्या कानात बसलं गं."

रोज तेच. बघा, म्हणजे रोज पहाटे हा तिचं नाव गात होता! मी अंगठी काढली. उन्हाळ्यातल्या अक्रोडाच्या रंगानं बोट अजून काळं आणि अंगठीखाली पांढरा वळ. "बोलाव तुझ्या म्हशी," मी म्हटलं. "ऐकू दे मला."

तो गायला लागला. कॉन्तेस्सा आली. व्हायोला आली. सेरेना, ब्रिगांता, एकेक काळा डोंगर धुक्यातून उठून आमच्या मधून गेला. शेवटी पलीकडे ती ठिपकेवाली एकटी उभी. 

"बोलाव."

"नाही."

"बोलाव म्हणते ना!"

"तुझ्यासमोर नाही बोलावणार. आणि आजपासून कधीच नाही."

ती पोर कान टवकारून उभी. आतून तिची आई हंबरतेय, हिला भूक लागलीय, तरी पाऊल टाकत नाही. नाव घेतल्याशिवाय यायचं नाही एवढंच तिला ठाऊक. नेनोनं ओठ असे मिटलेले की रक्त उडालेलं. मला माहीत होतं, हा हट्टी माणूस तिला उपाशी ठेवेल, स्वतः रडेल, पण माझ्यासमोर ते नाव घेणार नाही. आणि मला हेही कळलं की मला हवं होतं ते हेच होतं, आणि ते मिळालं तर आता त्या मुक्या जनावराचं काय करायचं?

मी तोंड उघडलं. "ग्लोऽऽऽरिया!" गायले मी. रागानं गायले, पण सूर लागला.

आली. धावत आली. ओलं नाक माझ्या काळ्या हातात खुपसलं आणि अंगठीसकट बोट चाटायला लागली. अंगठी पुन्हा बोटात घालावी लागली, नाहीतर गिळली असती.

लग्न झालं. पुढल्या साली माझ्या नावाची वगार ठरली, तर झाला रेडा. त्याच्या पुढल्या साली झाली एकदाची वेलिया, ती हाडकुळी, लाथाडी, दूध वाटीभर. आणि ग्लोरिया? बादल्या भरायची! तिच्या दुधाचं चीज घ्यायला लोक रोमहून यायचे. म्हातारी होऊन मेली तोवर रोज पहाटे तिला मीच बोलवायची. नेनोला कधी बोलवू दिलं नाही. एकदाही नाही. तो आजारी होता तेव्हा नाही आणि मी आजारी होते तेव्हाही नाही.

झालं. संपलं. त्या हंड्याकडे असं बघू नका. बरं, शपथ घेतलीय तर सांगून टाकते, एक गोष्ट मी रचली. तो उंट. त्यानं तिचा टोप ओढला नाही. तिला पाहिलं आणि कुणीही न सांगता पुढचे दोन्ही गुडघे टेकून तिच्यासमोर बसला.

तोसुद्धा.