माझ्यावरून नावं सरकतात

मी एक पायरी बोलतेय. लँकशायरमधल्या एका गिरणीगावात, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेत, हेटी क्लेगबाईच्या दारात माझा मुक्काम असतो. तुम्ही मला पाहिलंही असेल. सिनेमाच्या अगदी सुरुवातीला मी असते. फक्त तेव्हा तुम्ही नावं वाचत असता.

माझा जन्म डोंगरावरच्या खाणीत झाला. पण आमच्या गल्लीत जन्माला कोण विचारतो? दर शुक्रवारी बायका गुडघे टेकून पायरी घासतात आणि भंगारवाल्याकडून आणलेल्या पांढऱ्या दगडानं तिची कड उजळतात. पायरी मळकी दिसली की बाई आजारी तरी आहे, नाहीतर नवरा पितोय, असं गल्ली ठरवूनच टाकते. हेटीच्या नवऱ्याला शेवटचं घराबाहेर नेलं, त्या सकाळीही माझी कड पांढरीशुभ्र होती.

मग लंडनहून सिनेमावाले आले. गरिबांवर सिनेमा काढायचा म्हणजे या मंडळींचं सगळं सोवळ्यासारखं ठरलेलं असतं. आधी गिरणीचं धुराडं, मग ओला दगडी रस्ता, मग कामावर निघालेला सायकलस्वार, मागे रडवेला बँड. त्यावरून पांढरी, साधी, बिननक्षीची नावं. माणसं गरीब, तर अक्षरांनी तरी का मिरवावं?

बातमी कळताच गल्लीनं पाहुणे यायचे म्हटल्यावर करतात तेच केलं. पडदे धुतले, खिडक्या पुसल्या, पायऱ्या घासल्या. हेटीनं केस कुरळे करून घेतले. तिची मुलगी थेल्मा लग्न होऊन लंडनला गेली, ती तीन नाताळ फिरकली नव्हती. आपलं माहेर तिला कमीपणाचं वाटतं, हे हेटीला मनातून सलत होतं. तिनं थेल्माला फोनवर बजावलं, "सिनेमा सुरू होतानाच आपलं दार आहे. उशिरा जाऊ नकोस. पायरी बघ!"

दिग्दर्शक फेअरफॅक्स तरुण होता. स्वेटर कोपरावर फाटका, बूट मात्र महागडे. मला पाहून त्याचा चेहराच पडला.

"क्लेगबाई, ही फारच स्वच्छ आहे हो."

"मग? घाण हवी होती?"

"आम्हाला खरं आयुष्य दाखवायचंय."

"अरे बाळा, खरंच आहे ते! आज शुक्रवार आहे."

त्यानं माझ्यावर राख आणि गढूळ पाणी ओतायला लावलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हेटीनं दार ओढून घ्यायचं आणि निघून जायचं, एवढंच काम होतं. ती बाहेर आली, तिनं मला पाहिलं आणि तिचा पाय पुढे पडेना. आत जाऊन तिनं बादली आणली आणि ठेवणीतल्या कोटासकट गुडघे टेकले.

"थांबवू नका, घेत राहा!" फेअरफॅक्स कॅमेरावाल्याच्या कानात कुजबुजला. माझी अर्धी कड उजळली तसा मात्र तो ओरडला, "बास, बास! आता फार स्वच्छ व्हायला लागली."

सिनेमा लागला. शेजारची मिनी तो पाहून आली आणि माझ्यावर बसकण मारून तणतणली, "उजळलेलं सगळं कापलंय गं, हेटी! थोडी कड दिसत होती, तर नेमकं तिथंच त्या मेल्या दिग्दर्शकाचं नाव. आणि तुझं नाव? शेवटी म्हणे 'गावातले रहिवासी'. झालं!"

पोरीनं हेच पाहिलं असणार, या विचारानं हेटीला अन्न गोड लागेना.

आणि एका सकाळी बॅग घेऊन थेल्माच दारात उभी राहिली.

"आई, तुला बरं नाहीये का?"

"मला काय धाड भरलीय?"

"सिनेमात पायरी मळकी पाहिली आणि डोळे तिथंच खिळले. नवरा म्हणाला, नावं बघ किती साधी आहेत. मला एक अक्षर दिसलं नाही." ती माझ्या पांढऱ्याशुभ्र कडेकडे बघत राहिली, रडायला लागली आणि मग हसायलाही लागली. हेटीचेही डोळे भरून आले. ती एवढंच म्हणाली, "ये आत. चहा टाकते."

थेल्मा आठवडाभर राहिली. शुक्रवारी मला तिनंच घासलं.

आता गिरणी बंद आहे, पण सिनेमावाले येतच असतात. परवा एकानं भीतभीत विचारलं, "क्लेगबाई, पायरी जराशी मळवली तर चालेल का?"

"चालेल की!" हेटी म्हणाली. "माझा धाकटा, नॉर्मन, कॅनडात असतो. चार वर्षं घरी आला नाही. चांगली दोन बादल्या राख टाका."

म्हणून सध्या मी अशी काळीठिक्कर पडले आहे आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही. वाचकहो, कॅनडात कुणी नॉर्मन क्लेग भेटला, तर त्याला एवढं सांगा, की सिनेमाची सुरुवात चुकवू नकोस.