एक कदम आगे

माझ्या नवऱ्याला बंदुकीची भीती कधी वाटली नाही, पण साहेबासमोर काही मागायचं म्हटलं की घाम फुटतो. लग्नानंतर वर्षभरात मी हे ओळखलं. आता त्यालाही बेचाळीस वर्षं होतील.

आमचे हे, म्हणजे सुभेदार शिवराम, मराठा पलटणीतून अठ्ठावीस वर्षांची नोकरी करून घरी आले. आमच्या थोरल्याच्या वेळी मला नववा महिना लागला होता. तिकडे पलटणीत साहेबांनी आपणहून विचारलं, "शिवराम, कुछ चाहिए?" हे छाती काढून म्हणाले, "नहीं साब!" रजा हवी होती हो! पण शब्द निघालाच नाही. लेकानं बापाचं तोंड पाहिलं ते दोन महिन्यांनी. मी मात्र ते अजून विसरलेली नाही, आणि महिन्यातून एकदा तरी यांना विसरू देत नाही.

तर आता माझे गुडघे. दोन वर्षं झाली, इथल्या काशीच्या अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्या मला उतरवत नाहीत. मी वरच्या पायरीवर बसते, हे खाली बुडी मारतात आणि येताना लोटाभर गंगा आणून माझ्या पायांवर ओततात. कार्तिकात सुद्धा तसंच. माजी सैनिकांच्या उपचाराच्या कार्डावर इथल्याच दवाखान्यात ऑपरेशन मंजूर झालं, तारीख तेवढी यायची होती. पुढच्या कार्तिकात मी स्वतःच्या पायांनी पाण्यापर्यंत जाणार, हे मी सगळ्या मोहल्ल्याला सांगून ठेवलं होतं.

तेवढ्यात सरकारच्या नव्या कायद्याचा मसुदा आला. त्यात एक कलम असं, की सेवेच्या कागदांवर ज्याचा जो जिल्हा, त्याचं कार्ड त्याच जिल्ह्यात चालणार. आता आमची गंमत ऐका. यांचे पूर्वज पाच पिढ्यांमागे साताऱ्याकडून काशीला आले आणि इथलेच झाले. पण भरतीच्या वेळी 'मूळ गाव' या रकान्यात यांनी मोठ्या ऐटीत साताऱ्याकडचं गाव लिहिलं. त्या गावाला हे जन्मात दोनदा गेलेत, आणि दुसऱ्यांदा रस्ता चुकले. म्हणजे गुडघा बनारसचा आणि डॉक्टर साताऱ्याचा!

मसुद्यावर माजी सैनिकांचं म्हणणं ऐकायला एक समिती कॅन्टोन्मेंटच्या हॉलमध्ये येणार होती. यांनी अर्ज लिहिला आणि पंधरा दिवस घाटावर त्याची तालीम केली. रोज एका नावाड्यापुढे उभं राहून, "महोदय, हमारा निवेदन है..." नावाड्याला ते यांच्याआधी पाठ झालं.

"अहो, तिथे ऐन वेळी गप्प बसू नका," मी म्हटलं.

"अगं, काय बोलतेस! एकदम तय्यार आहे मी," हे म्हणाले, आणि मिशीला पीळ दिला.

सुनावणीच्या दिवशी हॉल गच्च भरला. कोट, मेडलं, पॉलिश केलेले बूट. दीडशे माणसं, आणि प्रत्येकाच्या खिशात एकेक अर्ज. आम्हा बायकांच्या खुर्च्या मागे होत्या. समितीचे अध्यक्ष एक निवृत्त ब्रिगेडियर, पांढऱ्या भुवयांचे, आवाज मात्र अजून परेड मैदानावरचा. त्यांनी अर्धा तास मसुदा समजावून सांगितला. मग चष्मा काढला, मान वर केली आणि पलटणीतल्या सवयीनं विचारलं, "कोई शक?"

दीडशे माणसं खाडकन उभी राहिली.

"नहीं साब!"

छत हललं असेल. आणि सगळ्यांत मोठा आवाज आमच्या घरचा! ब्रिगेडियरही सवयीचेच. "शाबाश! चाय पीजिए," म्हणाले. शेजारच्या कारकुनानं मान खाली घालून लिहिलं असणार, 'कुणाचीही हरकत नाही.' काम झालं की त्याचं.

माणसं एकमेकांची तोंडं पाहू लागली. यांचा हात खिशावर होता, अर्ज आतच, आणि चेहरा परीक्षेत कोरा पेपर देऊन आलेल्या पोरासारखा. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पुढची खुर्ची धरून मी उठले. गुडघ्यातून कळ गेली, पण उठलेच.

"साहब, हमें शक है!"

ब्रिगेडियर गोंधळले. "माताजी, अभी तो सबने कहा..."

"सब यही कहेंगे, साहब. आप लोगों ने जिंदगी भर इन्हें यही सिखाया है. सबकी जेब देख लीजिए, हर जेब में एक अर्जी है. आप पूछिए मत. हुकुम दीजिए."

ब्रिगेडियरच्या भुवया हलल्या, ओठ हलले, आणि हसू आवरत ते ताठ उभे राहिले.

"सावधान! जिसको भी एतराज है... एक कदम आगे, चल!"

धाड! दीडशे बूट एकदम पडले. एकसुद्धा मागे राहिला नाही. टेबलावरचे चहाचे कप खणखणले आणि बायका टाळ्या पिटायला लागल्या.

पुढच्या रांगेत एक माणूस मात्र सगळ्यांच्या पुढे उभा होता. आमचे हे.

"सूबेदार साहब," ब्रिगेडियर म्हणाले, "हुकुम एक कदम का था."

"जी साब." आवाज थरथरला, पण थांबला नाही. "दूसरा हमारी घरवाली का है. उनका घुटना नहीं चलता. कार्ड सातारा चला गया तो कभी नहीं चलेगा. हमें इनका इलाज यहीं चाहिए, साब."

चाहिए! हा शब्द साहेबासमोर यांच्या तोंडून निघाला. मी मटकन खाली बसले आणि पदर डोळ्यांना लावला. लाज कसली, रडूच आलं.

कारकुनानं पहिला कागद फाडला आणि नवे मागवले. संध्याकाळपर्यंत एकेक जण बोलत होता. त्या कलमापुढे ब्रिगेडियरनी स्वतःच्या पेनानं खूण केली. कायदा अजून झालेला नाही, कसा होईल ते देवाला ठाऊक. माझी तारीख तेवढी आली आहे, पुढच्या मंगळवारची.

परत येताना आमची ई-रिक्षा गोदौलिया चौकाच्या गर्दीत अडकली, तेव्हा हे हळूच म्हणाले, "पद्मा, बरोबर बोललो ना मी?"

मी यांचा हात धरला. म्हटलं, "बरोबर बोललात. थोरल्याच्या वेळची रजा आज मंजूर केली मी."