झिजलेलं झाकण

रॉइस टिलरीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून यंदा बावीस मार्चला आर्डिसच त्याच्याकडे आली, हॅम भरलेली बिस्किटं घेऊन. अडतीस वर्षं त्या तारखेला तो तिच्याकडे जेवायला यायचा. त्याच दिवशी तिचा नवरा हॉलिस नौदलाच्या विमानासकट समुद्रात पडून गेला होता. विमान रॉइस चालवत होता, हॉलिस मागच्या सीटवर होता. दोघं बाहेर फेकले गेले, पॅराशूट एकाचंच उघडलं.

"काही करता आलं नसतं," असं रॉइसने तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं होतं. त्या वाक्याच्या आधारावर तिने मुलगी वाढवली, तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं.

तो गॅरेजमध्ये होता. तिथे त्याने प्लायवूडचं कॉकपिट बांधलंय हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. आर्डिसला मात्र त्याने ते कधी दाखवलं नव्हतं. आज तो त्यातच बसलेला होता, त्याला उठून दार लावता आलं नाही.

"ये, मास्तरीणबाई. म्हाताऱ्याचं खेळणं बघ."

समोर एक पडदा होता, त्याखालच्या पॅनलचा काळा रंग ताजा होता. एका कोपऱ्यात शेजारी शेजारी दोन बटणं होती, दोन्हींवर झाकणं. एक झाकण कोरं होतं. दुसऱ्याचा रंग अंगठ्याने घासून पार गेला होता.

"ही कसली?"

"असंच. स्पॉयलरची."

"असल्या उत्तराला मी शून्य देते."

तो हसला. "पंखांवर पट्ट्या असतात. ज्या बाजूच्या उठतात, त्या बाजूला विमान कलतं. एखादी बिघडलीय असं वाटलं, की संगणक तिच्या गटातल्या सगळ्याच बंद करून टाकतो. एक बटण आतल्या गटाचं, एक बाहेरच्या. असं खाली असलं की नॉर्मल."

"आणि वर केलं तर?"

"ओव्हरराइड. मग संगणक मध्ये पडत नाही, पट्ट्या चालू राहतात. एखादी खरंच अडकली असेल तर विमान उलटंही होईल. म्हणून तर झाकण."

चौकशीच्या अहवालातलं एक वाक्य तिला पाठ होतं: पट्ट्या धड होत्या, इशारा खोटा होता. त्याचा अर्थ तिला आज लागला.

"तो दिवस यात आहे?"

"आर्डिस, आधी जेवून घेऊ."

"लाव."

पडद्यावर समुद्र आला, लांब जहाज, डावीकडून वारा. पिवळा दिवा लागला. पंख खाली गेला, तो सावरलाच नाही. पडदा करडा झाला.

"आता फक्त हे बटण बदल. वारा, वजन, बाकी सगळं तेच." तीस वर्षं ती मुलांकडून प्रयोग असेच करून घेत आली होती.

दिवा लागला. तिची नजर पोचायच्या आत त्याच्या अंगठ्याने झाकण उचललं होतं. विमान डगमगलं, सावरलं आणि जहाजावर टेकलं.

कोपऱ्यातला फ्रीज घरघरत राहिला.

"किती वेळ होता तुला?"

"चार सेकंद. आता दीड लागतो."

"हे कधीपासून माहीत आहे?"

"नऊ वर्षं."

"नऊ वर्षं तू माझ्या टेबलावर बसून जेवलास, रॉइस."

"तू विचारायचीस तेव्हा मलाही माहीत नव्हतं. कळलं, तोवर तू विचारायचं सोडलं होतंस."

बिस्किटांचा डबा त्याच्या अंगावर भिरकावावा असं तिला वाटलं. तो तिने हळूच खाली ठेवला. कॉकपिटला मागची सीटही होती. तिच्या कापडावर एकही सुरकुती नव्हती. आर्डिस कडेला धरून वर चढली.

"पुन्हा लाव."

"नको गं."

"लाव म्हणते ना!"

इथून रॉइसची मान दिसत होती, दोन्ही बाजूंना पाणी. पिवळ्या दिव्याचा उजेड त्याच्या कानावर पडला. ती वाकली, डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली. बटणं कुठूनच दिसत नव्हती. हॉलिसला ती दिसलीच नसणार. आपल्या पुढ्यात एक झाकण आहे आणि ते अजून मिटलेलं आहे, हे त्याला कळलंही नसणार.

झाकणाचा टक् असा आवाज झाला. विमान टेकलं.

"उतरलो रे, हॉलिस," रॉइस रोजच्या सवयीने म्हणाला, आणि त्याची मान ताठ झाली.

आर्डिस मागे तशीच बसून राहिली.